फोंड्याकडचा कुत्र्यांना माग काढायला शिकवणारा क्लास: फी, दोरी, रक्ताची बाटली आणि बाकी सगळं

बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, प्रत्येकाला वेगळं सांगत बसायचा कंटाळा येतो. गोव्यात उसगावच्या पुढे, बोंडल्याच्या रस्त्याला, एका खाजगी काजू बागायतीत थंडीच्या दिवसांत एक क्लास चालतो, कुत्र्याला वासावरून माग काढायला शिकवतात, तो आम्ही केला. आम्ही म्हणजे मी आणि आमचा चिको. चिको शुद्ध गावठी, साखळीच्या बाजारात मासळीच्या टोपल्यांमागे जन्मलेला, त्याची वंशावळ विचारू नका. क्लासचं नाव लिहीत नाहीये कारण सरांचीच तशी अट आहे, ओळखीतून येतील त्यांनाच घेतात, जाहिरात नको म्हणतात. ज्यांना पुढचं वाचायचा पेशन्स नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते: पाचपैकी चार. एक का कापला ते खाली येईलच. आणि हा क्लास मुळात माणसांचा आहे, कुत्रा नुसता हजेरी लावायला येतो, एवढं डोक्यात ठेवून गेलात तर पैसे वसूल.

हा प्रकार मूळचा आपल्याकडचा नाही हे आधीच क्लिअर करते. युरोप-अमेरिकेत हरणांची शिकार कायद्यात बसते, सीझन असतो, लायसन असतं, आणि गोळी किंवा बाण लागला तरी हरीण दर वेळी जागेवर पडतं असं नाही, बरेचदा जखमी होऊन रानात घुसतं आणि कुठेतरी झुडपात तडफडत पडून राहतं. ते लवकर सापडावं म्हणून माग काढणारी कुत्री तयार करतात. स्वीडनमध्ये तर कायदाच आहे, मूस (तिकडचं थोराड हरीण) किंवा हरणासारख्या प्राण्याची शिकार करायची तर माग काढायला शिकवलेला कुत्रा दोन तासांत जागेवर पोचेल अशी सोय आधी करून ठेवायची, मगच बंदूक उचलायची. जर्मनांनी ह्यासाठी वेगळ्या जातीच पाळल्यात, एक हॅनोव्हरची, एक बव्हेरियाच्या डोंगरातली, आणि त्यांच्या परीक्षा ऐकून मला आपली दहावी सोपी वाटायला लागली. किमान हजार मीटरचा माग, त्यासाठी रक्त फक्त पाव लिटर, मधे काटकोनात वळणं, आणि माग टाकून कमीत कमी २० तास उलटलेले पाहिजेत, त्याच्या वरची परीक्षा ४० तासांची. अमेरिकेत बऱ्याच लोकांकडे ह्या कामासाठी राठ केसांचा छोटा डॅशहुंड असतो, तोच तो सॉसेजसारखा लांब, जो आपल्याकडे पणजीच्या फ्लॅटमध्ये एसीत बसून बिस्किटं खातो.

आता आपल्याकडे ह्याचं काय करायचं? हा प्रश्न मलाही पडला होता आणि सरांनी पहिल्या दिवशी कुत्री गाडीतून उतरवूच दिली नाहीत, आधी सगळ्यांना आंब्याखाली बसवून कायदा सांगितला. १९७२ चा वन्यजीव कायदा. शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे, फासकी लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, कुत्रे सोडून पाठलाग करणं, प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच धरलं जातं. हरणाचं शिंग, कातडं, खूर घरात ठेवणंही गुन्हा. बाहेरच्या देशात हे लोक हरणाचे खूर बुटाला लावून माग टाकतात, तसला बूट तिथे दुकानात मिळतो, आपल्याकडे तो बूट घातलात तर सरळ आत. म्हणून इथे सगळं बोकडावर भागवलं जातं. आणि एक नियम सरांनी लेखी घेतला: अभयारण्यात सराव करायचा नाही, कुठल्याही रानात कुत्रा मोकळा सोडायचा नाही, आणि जो कुत्रा जिवंत जनावर दिसल्यावर मागे सुटतो तो आधी घरी जाऊन 'बस' शिकून येणार, मगच परत. एका पोराचा मस्त तगडा शेफर्ड होता, तो पोरगा फुशारकीने सांगत होता की ह्याने मागच्या वर्षी रानडुक्कर लोळवलं. सरांनी त्याची फी तिथल्या तिथे परत केली. मला ते फार आवडलं. खरं सांगायचं तर माझे अर्धे पैसे तिथेच वसूल झाले.

सर म्हणजे रिटायर्ड माणूस, आयुष्य फोर्समध्ये कुत्र्यांबरोबर गेलेलं, बोलतात कमी. मध्य प्रदेशात ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला बीएसएफचं कुत्र्यांचं ट्रेनिंग सेंटर आहे, तिथली शिस्त त्यांच्या अंगात आहे. वन्यजीवांच्या तस्करीसाठी जी खास कुत्री तयार होतात, वाघाचं कातडं, हाडं, हस्तिदंत वगैरे हुंगून काढणारी, तो ट्रॅफिक (वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणारी संस्था) आणि डब्ल्यूडब्ल्यूएफचा कार्यक्रम २००८ पासून चालू आहे आणि त्यातली कितीतरी कुत्री टेकनपूरलाच शिकली. सर सांगत होते की तिथे कुत्र्याच्या जोडीला कायम ठरलेला हँडलर देतात, आणि कुत्रा-माणसाची जोडी जुळली नाही तर कुत्रा कितीही हुशार असला तरी उपयोग शून्य.

तर मूळ शिक्षण. पहिला धडा रक्त. फोंडा मार्केटमधल्या खाटकाकडून बोकडाचं रक्त आणायचं, आणि आणल्या आणल्या काडीने ढवळत राहायचं, ढवळता ढवळता पांढरट दोऱ्यासारखे धागे काडीला गुंडाळून येतात, ते काढून टाकले की मग रक्त गोठत नाही, पातळ राहतं. थोडं मीठ. मग सॉसच्या बाटलीत, ती गाड्यावर असते तसली निमुळत्या तोंडाची पिवळी प्लास्टिकची, तिच्यात भरायचं आणि उरलेलं फ्रीजरमध्ये. आमच्या सासूबाईंना मी आइस्क्रीमच्या डब्यात काय ठेवलंय ते दोन आठवडे कळलं नाही, कळलं त्या दिवशी जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. खाटीक पण पहिल्यांदा विचारत होता, सोरपोतेल करताय का बाई, पण त्याला डुकराचं लागतं ना. मी म्हटलं कुत्र्यासाठी पाहिजे, तर म्हणे मग काळीज न्या की.

काळजाचंही काम आहेच. अगदी नवख्या कुत्र्याला रक्तावर लावत नाहीत, आधी सुतळीला काळजाचा तुकडा बांधून गवतातून ओढत न्यायचा, वीस-तीस पावलं, शेवटी तो तुकडा त्यालाच खायला द्यायचा. लहान पिल्लालाही हे जमतं. मग हळूहळू ओढणं बंद, फक्त थेंब. मग थेंब विरळ. मग मधे वळण. मग तासभर थांबून, मग चार तास, मग रात्रभर. प्रत्येक वेळी एकच गोष्ट अवघड करायची, दोन एकदम नाही, हे सरांचं पक्कं. लांबी वाढवली तर माग ताजा ठेवायचा, शिळा केला तर लांबी कमी करायची. ऐकायला साधं वाटतं पण बॅचमधला प्रत्येक जण दुसऱ्याच रविवारी घाई करत होता, कुत्र्यांना काही घाई नव्हती.

माग टाकताना कपडे वाळत घालायचे चिमटे न्यायचे. सरळ रेषेला एका रंगाचे, वळणावर दुसऱ्या रंगाचे, काजूच्या फांदीला छातीच्या उंचीवर लावायचे म्हणजे परत येताना आपल्याला माग कुठे आहे ते कळतं. आणि खूर. बोकडाचे पाय (पायासूपवाले असतात तेच) एका जुन्या चपलेच्या तळाला तारेने घट्ट बांधून ती चप्पल घालून चालायचं. मी ती चप्पल घालून काजूच्या पानांवरून खडखड करत चाललेय असा एक फोटो नवऱ्याने काढलाय, तो कुणालाही मिळणार नाही.

हे खुरांचं कशासाठी, तर सर म्हणतात रक्त हे माणसाच्या डोळ्यासाठी असतं, कुत्र्यासाठी नाही. जखमी हरणाचं रक्त बरेचदा थोड्या अंतरावर थांबतं, चरबीने किंवा केसांनी जखम बुजते, मग माणूस तिथेच अडकतो. कुत्रा अडकत नाही कारण हरणाच्या खुरांच्या फटीत ग्रंथी असतात, पाऊल टेकेल तिथे वास उमटतो, शिवाय चिरडलेलं गवत, उकरलेली माती, ह्या सगळ्याचा मिळून वास असतो. कुत्रा हुंगताना सेकंदाला पाचेक वेळा श्वास आत घेतो, आणि बाहेर सोडलेली हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे जाते म्हणजे समोरचा वास उडून जात नाही. चिकोचं नाक जमिनीला असताना मी मुद्दाम गुडघ्यावर बसून जवळून बघितलं, दोन्ही बाजूंची धूळ फुर्र फुर्र उडत होती आणि नाकासमोरची तशीच. २००५ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की माणूस कुठल्या दिशेने गेला हे ओळखायला कुत्र्याला पाच पावलांचे ठसे पुरतात. पाच! मला आमच्या पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते पंधरा मिनिटं सापडत नाही.

म्हणजे नाकाला शिकवायचं काही नसतं. मग फी कशाची? दोरीची. दहा मीटरची दोरी हातात धरून कुत्र्याच्या मागे झाडीतून कसं चालायचं, ह्याची.

हे वाचून हसाल पण करून बघा. दोरी ताणली तर कुत्र्याला वाटतं आपण चुकलो, तो थांबतो आणि तुमच्या तोंडाकडे बघतो. फार सैल सोडली तर ती झुडपात, दगडात, स्वतःच्याच पायात अडकते. कुत्रा पुढे गेला की बोटांतून सरकू द्यायची, थांबला की आपणही जागेवर थांबायचं, एक पाऊलही पुढे टाकायचं नाही, कारण वळण चुकून तो जर परत मागे येऊन शोधत असेल तर आपण त्याच्या मागावर उभे राहून सगळा वास तुडवतो. आणि बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड. बॅचमधल्या मडगावच्या एक वहिनी त्यांच्या लॅब्रेडॉरला सतत, चल माझ्या सोन्या, कुठे आहे, शोध शोध, असं चालू ठेवायच्या, सर शांतपणे मागून यायचे आणि म्हणायचे, "बाय, उलोव नाका. ताका कळटा, तुका कळना." (बाई, बोलू नको. त्याला कळतं, तुला कळत नाही.) मला पण तेच ऐकवलं, फक्त जास्त वेळा.

रात्रभर शिळा माग पहिल्यांदा दिला ती सकाळ नीट लक्षात आहे. दव पडलेलं, थंड हवा, वास धरून ठेवायला सगळ्यात चांगली वेळ. चिको सुरुवातीला नाक खाली घालून सरळ गेला, शेपूट आडवी, हलत नव्हती. दुसऱ्या वळणाला तो सरळच पुढे गेला, चिमटा डावीकडे दिसत होता मला, पण आम्हाला बजावलेलं होतं की चिमटा दिसला तरी गप्प. तीन-चार मीटर पुढे गेल्यावर त्याचं डोकं वर आलं. एवढंच. डोकं वर, तोंड मिटलेलं, एक कान मागे. मग तो उजवीकडे अर्धा गोल फिरला, काही नाही, माझ्या पायाजवळून मागे आला, डावीकडे वळला आणि अचानक मान खाली, शेपटीचं टोक फटफट हलायला लागलं आणि दोरी माझ्या हातातून सर्रकन गेली. सर मागून फक्त म्हणाले, "पळयलें?" (बघितलंस?) तेवढ्यासाठी मी ही फी परत भरेन. कारण तोपर्यंत मी कुत्र्याबरोबर चार वर्षं राहूनही त्याचं डोकं वर येणं आणि शेपटीचं टोक हलणं ह्यात काही बातमी असते हे मला माहीत नव्हतं. ट्रेनिंग म्हणजे तो माझं ऐकेल असं मला वाटायचं, इथे उलटंच शिकवलं.

गोव्यात हे करताना काही अडचणी अशा येतात ज्या परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही. मुंग्या! रक्ताचा थेंब पडला की तासाभरात तिथे मुंग्यांची जत्रा, शिवाय काजूवरचे हुमले म्हणजे लाल मुंगळे, ते वरून अंगावर पडतात आणि मानेत चावतात, चिको एकदा भर मागावर बसून पंजा चाटत बसला होता तो ह्यामुळेच. गावातली कुत्री रात्री येऊन शेवटी ठेवलेलं काळीज खाऊन जातात, म्हणून बक्षीस झाकणाच्या डब्यात ठेवायचं आणि डब्यावर दगड. ऊन तर विचारूच नका. सकाळी नऊनंतर जांभा दगड तापायला लागतो, कुत्र्याची जीभ बाहेर येते आणि एकदा धापा टाकायला लागला की हुंगणं संपलं, तोंड उघडं ठेवून दोन्ही कामं होत नाहीत. म्हणून क्लास पहाटे असतो, साखळीहून निघायचं तर अंधारातच निघावं लागतं. गोचीड बागायतीत भरपूर, गोचीड-ताप आपल्याकडे कुत्र्यांना सर्रास होतो तेव्हा औषध आधीच घालून जा आणि घरी आल्यावर कानात, बोटांच्या मधे, शेपटीखाली बघा. घोणस आणि फुरसं दोन्ही त्या भागात आहेत, गमबूट घाला, सँडल घालून आलेल्यांना सर परत पाठवतात.

आता सामान. हा खरा रिव्ह्यूचा भाग कारण क्लासबरोबर किट घ्यायला सांगतात आणि तिथेच लोक फसतात. दोरी तीन प्रकारची मिळते. नायलॉनची स्वस्त, ऑनलाइन पाचशे-सहाशेत येते, पण कुत्रा एकदम सुटला की तळहात भाजून निघतो आणि भिजली की चिखलासकट दुप्पट जड होते, शिवाय प्रत्येक काटा तिच्यात अडकतो. चामड्याची हातात फार छान बसते, युरोपातले जुने लोक तीच वापरतात म्हणे, पण आपल्या हवेत? जूनमध्ये कपाटात ठेवाल, ऑगस्टमध्ये काढाल तेव्हा हिरवी बुरशी. आमच्या बॅचमधल्या एका काकांनी हौसेने चामड्याचा पट्टा आणि दोरी दोन्ही घेतलं, दर आठवड्याला खोबरेल चोळत बसतात. तिसरी बायोथेन, म्हणजे आत पॉलिएस्टरची पट्टी आणि वरून प्लास्टिकचा थर. महाग आहे, चांगली दहा मीटरची अडीच-तीन हजारांच्या खाली मला नाही मिळाली, पण पाणी पीत नाही, काट्यात अडकत नाही, रक्त-चिखल काहीही लागलं तरी ओल्या फडक्याने पुसली की झालं. हीच घ्या. रुंदी फार नको, बारीक असली की झुडपातून सापासारखी सरकते. रंग केशरी किंवा पिवळा, तपकिरी घेतलीत तर पाचोळ्यात पडल्यावर तुम्हालाच शोधावी लागेल. शेवटी हाताला अडकवायची लूप असते ती कापून टाका, लूप प्रत्येक फांदीत अडकते, हे सरांनी सांगितलं आणि ते शंभर टक्के बरोबर निघालं.

हार्नेस की पट्टा ह्यावर मतं वेगवेगळी आहेत. जर्मन पद्धतीत रुंद पट्टा असतो, त्याला फिरती कडी असते. सर हार्नेसवाले, म्हणतात गळ्यावर ताण आला की कुत्रा डोकं वर करतो. चिकोला मी छातीवर वाय आकाराचा हार्नेस घेतला, काखेत घासत नाही. महत्त्वाचं म्हणजे हा हार्नेस फक्त मागासाठी ठेवायचा, रोजच्या फिरायला साधा पट्टा. आता मी तो हार्नेस खुंटीवरून काढला की चिको घरभर गोल गोल फिरतो आणि मग दारात एकदम गंभीर होऊन उभा राहतो, ऑफिसला निघाल्यासारखा. कडी आणि हूक पितळेचेच घ्या. साध्या लोखंडाला मुलामा दिलेला हूक समुद्राच्या हवेत एका पावसाळ्यात गंजतो आणि गंजलेला हूक ऐन वेळी उघडत नाही किंवा त्याहून वाईट म्हणजे उघडतो. सिमकार्डवाला जीपीएस पट्टा पण काही जणांनी आणला होता, सत्तरी तालुक्यात किंवा मोल्याच्या बाजूला जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे तो नुसता महागडा दागिना. दोरी हातात असेल तर त्याची गरजही नाही.

तक्रारी. पहिली, फी सीझनला आठ हजारांच्या आसपास आणि त्यात रक्त, काळीज, सामान काही नाही, हे आधी स्पष्ट सांगत नाहीत. दुसरी, जागेवर बायकांसाठी बाथरूमची सोय धड नाही, मालकाच्या घरी जावं लागतं, ते घर बागायतीच्या दुसऱ्या टोकाला. तिसरी आणि मोठी, लिहून काही देत नाहीत. सगळं तोंडी. एक रविवार चुकला की तुमचं तुम्ही बघा. मी स्वतः वही केली, माग किती लांब, किती तासांचा, हवा कशी, वारा कुठून, कुत्रा कुठे चुकला, आणि ती वही नसती तर मला काहीच आठवलं नसतं. इतकी वर्षं ह्या कामात घालवलेल्या माणसाने चार पानं छापून द्यायला काय हरकत आहे? एक स्टार ह्या तिन्हीचा मिळून कापलाय.

तरी आधी आम्ही जिथे गेलो होतो त्याच्या तुलनेत हा स्वर्ग. किनारपट्टीवरचे एक ट्रेनर, नाव नाही सांगत, पंधरा दिवसांत कुत्रा तयार करून देतो म्हणाले होते, करंटचा पट्टा लावला आणि चिको त्यानंतर महिनाभर हाताची सावली दिसली तरी पलंगाखाली. माग काढायला तर घाबरलेला कुत्रा चालतच नाही. तिथे तो पुढे आणि आपण मागे, त्याला निर्णय घ्यायचा असतो, भ्यायलेला कुत्रा निर्णय घेत नाही, तुमचं तोंड बघतो.

आता उपयोग काय, हे सगळे विचारतात. सर हरणाचा विषय शिकवतात तो एवढ्यासाठी की मोल्याहून घाटाकडे जाणारा हायवे अभयारण्यातून जातो, रात्री सांबर, चितळ, भेकर गाडीला धडकतात आणि लंगडत रानात जातात. लोक काय करतात, टॉर्च घेऊन मागे धावतात, काही जण खरंच मदतीला, काही जण मटणाला. दोन्ही वाईट. घायाळ हरीण थोडं लांब जाऊन आडोशाला बसतं, मागे कुणी लागलं नाही तर तिथेच बसून राहतं, मागे लागलं की उठून किलोमीटरभर जातं आणि मग कुणालाच सापडत नाही. शिवाय हरणाची जातच अशी की नुसत्या भीतीने आणि धावण्याने स्नायू निकामी होऊन मरतं, जखम बरी होण्यासारखी असली तरी. बाहेरचे माग काढणारे सुद्धा पोटात गोळी लागलेल्या हरणाला सहा-आठ तास, कधी बारा तास हात लावत नाहीत, बसू देतात, मग कुत्रा नेतात. तर आपण काय करायचं: गाडी बाजूला घ्यायची, धडक झाली ती जागा लक्षात ठेवायची, एक दगड किंवा फांदी ठेवून खूण करायची, कुठल्या बाजूने गेलं ते बघायचं, रक्ताचा रंग बघता आला तर बघायचा (फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, काळपट असेल तर यकृत, हिरवट घाण मिसळलेली असेल तर पोट) आणि वनखात्याला फोन करायचा. बस. आपला कुत्रा घेऊन आत घुसायचं नाही, क्लास केलेला असला तरीही नाही, खात्याने बोलावलं तरच त्यांच्या माणसाबरोबर, दोरीवर. हे सर इतक्या वेळा सांगतात की शेवटी आम्ही सगळे कोरसमध्ये म्हणायचो.

रोजच्या जगण्यात उपयोग वेगळा. बॅचमधल्या एका भाऊंच्या बीगलने, ब्रूनो त्याचं नाव, शेजाऱ्यांची गाभण शेळी शोधून दिली, कुळागराच्या मागे ओहोळात पाय अडकून बसली होती बिचारी. तीच पद्धत, शेळी बांधायची ती दोरी हुंगवली, खुंट्यापासून सुरुवात केली आणि गप्प मागे चालत गेले. चिकोने अजून असला काही पराक्रम केलेला नाही. पण त्याचा स्वभाव बदलला. आधी फटाके, बुलेट, पोस्टमन सगळ्यावर भुंकायचा, आता आठवड्यातून दोनदा माग दिला की दिवसभर शांत झोपतो. अर्धा तास नाकाने काम केलं की कुत्रा चांगलाच दमतो, फ्लॅटमध्ये कुत्रा असलेल्यांनी हे ऐकाच.

कुणी जाऊ नये? ज्यांना वॉचडॉग हवाय त्यांनी. ज्यांना रील काढायच्यात त्यांनी, मोबाइल गाडीत ठेवायला लावतात. ज्यांना रक्त बघून चक्कर येते त्यांनी, जरी आमच्या वहिनींना पहिल्या दिवशी आली होती आणि शेवटी त्याच सगळ्यांना बाटली भरून द्यायच्या. जातीचा प्रश्न नाही, गावठी, लॅब, बीगल, डॅशहुंड सगळे होते, फक्त पगला अवघड गेलं, एवढंसं नाक आणि ऊन, त्याला सरांनी फार छोटे माग दिले आणि तो बेटा प्रत्येक वेळी शेवटपर्यंत पोचला, घोरत घोरत.

पुढची बॅच पाऊस पूर्ण थांबल्यावर, साधारण दिवाळीनंतर सुरू होते, काजूचा सीझन लागला की बंद, कारण मग बागायतीत बोंडू गोळा करणारी माणसं असतात आणि सगळीकडे बोंडूचाच वास. रेबीजचं आणि लेप्टोचं इंजेक्शन दिल्याचं कार्ड बघितल्याशिवाय आत घेत नाहीत. ज्यांना जायचंय त्यांनी मला मेसेज करा, सरांना विचारून नंबर देईन, कुत्र्याचं वय आणि तो मांजरामागे सुटतो का तेवढं आधीच खरं खरं लिहा.